औषध पाजण्यापूर्वी

प्रस्तावना

मेंढी दगावली की कारणाचा शोध आधी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत घेतला जातो. लांडगा, अवकाळी पाऊस, रस्त्यावरचा ट्रक, विषारी पाला. पोटातल्या जंतांची हानी मात्र इतकी सावकाश होते की तिचा दोष बहुतेक वेळा चाराटंचाईच्या माथी जातो. मेंढी रोडावते, कळपाच्या मागे रेंगाळते, कोकराला दूध पुरत नाही. मग कोणीतरी जंतांचा संशय बोलून दाखवते, औषधाची बाटली येते, सगळ्या कळपाला पाजली जाते आणि प्रश्न मिटला असे सगळे धरून चालतात.

हे पुस्तक तिथून पुढे सुरू होते. औषध वेळेवर पाजले, पैसे मोजले, तरी जंत मेले नाहीत, असे का होते? जगात जिथे जिथे मेंढीपालन मोठ्या प्रमाणावर चालते तिथे तिथे हा प्रश्न उभा राहिला आहे. आपल्याकडेही तो आहे. फक्त त्याची मोजदाद होत नाही, म्हणून तो जाणवत नाही. या पुस्तकाचे सांगणे मी सुरुवातीलाच मांडतो. जंतनाशकाची ताकद अमर्याद नसते. ती वापरागणिक झिजते आणि एकदा गेली की बहुधा परत येत नाही. ती टिकवायची असेल तर औषध कमी जनावरांना, पण नेमक्या जनावरांना द्यायला शिकले पाहिजे.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. मेंढीच्या पोटात अनेक जातींचे गोलकृमी राहतात, पण आपल्या हवामानात सर्वांत घातक ठरतो तो हिमोंकस कॉन्टॉर्टस. त्याचा मुक्काम चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात. मेलेल्या मेंढीचे शवविच्छेदन लगेच केले तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्याएवढा जाड. मादीचे आतडे प्यालेल्या रक्ताने लाल झालेले असते आणि त्याभोवती पांढरे अंडाशय गुंडाळलेले असते, त्यामुळे तिच्या अंगावर लाल-पांढरा पीळ स्पष्ट उठून दिसतो. जठराचे अस्तर फिकट पडलेले, त्यावर रक्ताचे बारीक ठिपके, आतला द्रव मातकट तांबूस, आणि त्यात असे शेकडो, कधी हजारो जंत वळवळत असतात.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्त असते दोन लिटरच्या आसपास. हाडांतल्या मगजाला नवे रक्त तयार करता करता दम लागतो, शरीरातले लोह आणि प्रथिने संपत जातात, आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ती जास्त दिसते, सकाळपर्यंत ओसरलेली असते. या जंताने बहुधा हगवण लागत नाही. म्हणूनच लेंड्या नीट बांधलेल्या पाहून पोट ठीक आहे अशी समजूत होते आणि उपचाराला उशीर होतो.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. हजार जंतांपैकी पाचशे माद्या धरल्या, तरी एकटी मेंढी रोज पंचवीस लाख अंडी रानात टाकते. पावसाळ्याच्या उबदार ओलीत चार ते सात दिवसांत या अंड्यांतून निघालेल्या अळ्या रोगकारक अवस्थेला पोचतात. या तिसऱ्या अवस्थेतली अळी जुनी कात टाकून देत नाही, कवचासारखी अंगाभोवती ठेवते. तिला खाता येत नाही, पण ती सहजी सुकून मरतही नाही. दवाच्या किंवा पावसाच्या ओलाव्यातून ती गवताच्या पात्यावर चढते, चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जाते आणि सुमारे तीन आठवड्यांत तिची वाढून झालेली मादी स्वतः अंडी घालू लागते. इतक्या प्रचंड संख्येने आणि इतक्या वेगाने वाढणाऱ्या जीवाच्या वंशात लहानसहान जनुकीय फरक सतत उपजत असतात. पुढची सगळी गोष्ट त्या फरकांची आहे.

औषधांचा इतिहास वाचताना एकच घटना पुन्हा पुन्हा समोर येते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मेंढ्यांना फिनोथायाझिन दिले जात असे; १९५७ साली अमेरिकेतल्या केंटकीत त्याला दाद न देणारे जंत सापडले. १९६१ साली थायाबेंडाझोल आले. जंतांच्या अनेक जातींवर चालणारे, सुरक्षित आणि थोड्या मात्रेत काम करणारे ते पहिले औषध. १९६४ साली हिमोंकसमध्ये त्याला प्रतिकार नोंदवला गेला. भारतात फिनोथायाझिन आणि थायाबेंडाझोल या दोन्हींना न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद १९७६ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे काल-परवा आलेला नाही.

१९८१ साली आयव्हरमेक्टिन बाजारात आले तेव्हा जंतांचा निकाल लागला असे अनेकांना वाटले. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवापासून या औषधाची वाट निघाली आणि अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचे जंतनाशक गुण ओळखले. माणसांच्या नदी-अंधत्वावर आणि हत्तीरोगावर त्याने जे काम केले त्यासाठी दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांवर एवढे उपकार केलेले हे औषध मेंढ्यांच्या जंतांपुढे मात्र दशकभरही निर्वेध टिकले नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकातच त्याला प्रतिकार दिसला. पुढे २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हा अगदी नव्या गटातला रेणू विक्रीला आला आणि २०१३ साली त्याच देशात तो निष्प्रभ ठरल्याची नोंद झाली. नवे औषध शोधायला दशके आणि अमाप पैसा लागतो. ते वाया घालवायला चार वर्षे पुरली.

असे होते कसे? जंतांना औषधाची सवय होते, असे बोलण्यात येते. त्याने गैरसमज होतो, कारण एखादा जंत आयुष्यात औषध पचवायला शिकत नाही. थायाबेंडाझोल ज्यात येते त्या बेंझिमिडाझोल गटाची औषधे जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात आणि पेशीचा अंतर्गत सांगाडा उभा राहू देत नाहीत. काही थोड्या जंतांत या प्रथिनाच्या साखळीतल्या २०० व्या जागी फिनाइलअॅलॅनिनऐवजी टायरोसिन असते. जनुकातले एक अक्षर बदलले की एवढा फरक पडतो, आणि औषधाला चिकटायला जागा उरत नाही. असे जंत औषध येण्याआधीपासून अत्यल्प संख्येने असतातच. आपण औषध पाजतो तेव्हा बाकीचे मरतात आणि हे उरतात. पुढचे तीन आठवडे कळपातून जी अंडी रानात पडतात ती फक्त यांचीच. दर खेपेला हाच निवाडा होत गेला की काही वर्षांत अख्खा कळप अशा जंतांनी भरतो. औषध थांबवले तरी ते मागे हटत नाहीत. बेंझिमिडाझोलच्या बाबतीत वर्षानुवर्षे वापर बंद ठेवूनही प्रतिकार टिकून राहिल्याचे दिसले आहे.

या प्रक्रियेला वेग देणाऱ्या गोष्टी आपल्या रोजच्या वहिवाटीत आहेत. पहिली, अंदाजाने दिलेली कमी मात्रा. मेंढीचे वजन नजरेने ठरवले जाते आणि ते बहुधा कमी धरले जाते. त्यात बाटली पुरवायची असते. अर्धवट मात्रेत अर्धवट प्रतिकाराचे जंतही वाचतात. दुसरी, शेळ्यांना मेंढ्यांचीच मात्रा. शेळीचे शरीर ही औषधे लवकर बाहेर टाकते, त्यामुळे बहुतेक औषधांची तिला दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. मात्र लेव्हामिसोलसारख्या औषधात जास्त मात्रा जिवावर बेतू शकते, म्हणून ती पशुवैद्यकानेच ठरवावी. शेळ्या-मेंढ्या एकाच रानात चरत असतील तर शेळीच्या पोटात घडलेला प्रतिकार मेंढीपर्यंत यायला वेळ लागत नाही. तिसरी, औषध बदलल्याचा आभास. अल्बेंडाझोल थांबवून फेनबेंडाझोल आणले की औषध बदलले असे दुकानदारही सांगतो आणि घेणारालाही पटते. दोन्ही एकाच, बेंझिमिडाझोल गटातली. डबा वेगळा, कंपनी वेगळी, पण जंताच्या पेशीतली जागा तीच. चौथी, बाजारातून आणलेली मेंढी. तिच्या पोटातून परक्या कळपातला प्रतिकार आपल्या रानात येतो, कारण तिला आठ-पंधरा दिवस वेगळी बांधून, तपासून मग कळपात सोडण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही.

पाचवी गोष्ट जरा थांबून समजून घ्यायला हवी, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. पावसाळा तोंडावर आला की सगळ्या कळपाला जंतनाशक पाजायचे, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला आणि रोग आवरण्याच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. पण मे महिन्यात आपल्या माळरानावर काय असते ते पाहा. जमीन भाजून निघालेली असते, गवत नसते, उघड्यावरच्या अळ्या उन्हाने मेलेल्या असतात. जंतांचा जवळजवळ सगळा साठा त्या वेळी मेंढ्यांच्या पोटातच असतो. त्यातल्या काही अळ्या जठराच्या अस्तरात निद्रिस्त होऊन पावसाची वाट पाहत असतात. अशा वेळी शंभरपैकी शंभर मेंढ्यांना औषध दिले तर वाचलेल्या प्रतिकारक जंतांच्या अंड्यांत मिसळायला रानात दुसरे काही उरत नाही. पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या गवतावर नेमके तेच बियाणे पडते. हिरव्या, स्वच्छ रानात नेण्याआधी सगळ्यांना औषध पाजण्याच्या रिवाजातही हाच धोका आहे.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. काही मेंढ्यांना मुद्दाम औषध देऊ नये. कळपातल्या धडधाकट मेंढ्या तशाच ठेवल्या की त्यांच्या पोटातले, औषधाने मरू शकणारे जंत अंडी घालत राहतात. रानात त्यांची संख्या मोठी राहते आणि प्रतिकारक जंतांचा संकर त्यांच्याशी होतो. बेंझिमिडाझोलला प्रतिकाराचा गुण बहुतांशी अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच पुरता प्रकटणारा, असल्यामुळे अशा संकरातली बरीच पिल्ले पूर्ण मात्रेच्या औषधाने मरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या यान व्हान वायक यांनी २००१ साली हा मुद्दा ठामपणे मांडला आणि त्यानंतर जगभरचे सल्ले बदलू लागले. या विचाराला निसर्गाचीही साथ आहे. कळपात जंत सगळ्यांना सारखे वाटलेले नसतात; साधारण वीस-तीस टक्के मेंढ्यांच्या पोटात ऐंशी टक्के जंत असतात. त्या मेंढ्या ओळखता आल्या तर कळपही वाचतो आणि औषधही.

त्या ओळखायच्या कशा, याचे उत्तर व्हान वायक, फाफा मालान आणि गॅरेथ बाथ या दक्षिण आफ्रिकी पशुवैद्यकांनी फमाचा नावाच्या रंगीत पत्त्याच्या रूपाने दिले. मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच उलटायची आणि आतल्या अस्तराचा रंग पत्त्यावरच्या पाच रंगांशी ताडून पाहायचा. लालबुंद असेल तर एक, पांढराफटक असेल तर पाच. एक आणि दोन असलेल्यांना औषध नाही. चार आणि पाच असलेल्यांना तात्काळ. तीन असेल तर कोकरू आहे का, गाभण किंवा दुभती आहे का, अंगात मांस आहे का, हे पाहून निर्णय. काम भर उजेडात करायचे आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला, कधी दर आठवड्याला. पद्धतीला मर्यादाही आहेत. ती रक्त पिणाऱ्या जंतांपुरतीच उपयोगी आहे, आणि पर्णकृमी किंवा गोचिडांमुळेही पापणी पांढरी पडते. पण कळपातली प्रत्येक मेंढी चेहऱ्याने ओळखणाऱ्या मेंढपाळाच्या हातात ती दिली तर तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

दुसरे साधन सूक्ष्मदर्शकाचे. तीन ग्रॅम लेंड्या बेचाळीस मिलिलिटर पाण्यात घोटायच्या, गाळायच्या, खाली बसलेला गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळायचा आणि तो मॅकमास्टर काचेच्या दोन कप्प्यांत भरायचा. अंडी हलकी असल्याने तरंगून वर येतात, वरच्या काचेवर आखलेल्या चौकटीखाली जमतात. दोन्ही कप्प्यांत दिसलेली अंडी मोजून ५० ने गुणले की एका ग्रॅम लेंडीतली अंडी मिळतात. औषध देण्याच्या दिवशी आणि पुन्हा चौदाव्या दिवशी त्याच मेंढ्यांची मोजणी केली की औषधाची परीक्षा होते. सरासरी १००० अंडी होती आणि ५० च्या खाली आली तर औषध चालते. ४०० उरली असतील तर औषधाने साठच टक्के काम केले, आणि त्या कळपात त्या गटावर विसंबता येणार नाही. ९५ टक्के घट ही सर्वसाधारण कसोटी मानली जाते. प्रत्येक मोजणीला फार तर अर्धा दिवस लागतो आणि महागडे असे काही लागत नाही.

आता आपल्या भूमीकडे येतो. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, बहुतेक दख्खनी. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर, संगमनेर अशा कमी पावसाच्या पट्ट्यांतले धनगर दिवाळीच्या सुमारास वाडे घेऊन बाहेर पडतात. काही कोकणात उतरतात, काही नदीकाठच्या बागायतीकडे जातात, आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. या भटकंतीकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले गेले. जंतांच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात मोठे शहाणपण आहे. शेतात मेंढ्या बसवायच्या, दोन-चार रात्रींत वाडा हलवायचा, त्या रानात पुन्हा कित्येक महिने फिरकायचे नाही. लेंड्यांतल्या अळ्या रोगकारक होईपर्यंत कळप पुढे गेलेला असतो आणि मागे राहिलेल्या अळ्या यजमानाविना मरतात. फिरत्या कळपांपेक्षा एकाच जागी ठेवलेल्या, वारंवार औषध पाजलेल्या संस्थात्मक कळपांत औषध-प्रतिकार अधिक आढळतो, हे देशातल्या पाहण्यांतून दिसले आहे आणि त्यात नवल नाही.

काळजीचे कारण हे की ही फिरण्याची वाट आक्रसते आहे. गायराने गेली, वनजमिनी बंद झाल्या, बागायत आणि ऊस वाढला, रस्ते रुंद झाले. कळप एकाच पडीक रानात, एकाच कालव्याच्या काठी जास्त दिवस थांबू लागले. ओल वाढली, मुक्काम वाढला, म्हणून जंत वाढले, म्हणून औषध वाढले. मेंढपाळाच्या अज्ञानाला दोष देण्याआधी त्याच्याकडून चराईची जमीन कोणी काढून घेतली, हे विचारायला हवे. जंतांचा प्रश्न पशुवैद्यकाइतकाच महसूल आणि वन खात्यांचाही आहे, असे माझे ठाम मत आहे.

औषधाखेरीजही वाटा आहेत आणि पुस्तकाचा तिसरा भाग त्यांना दिला आहे. प्रथिनयुक्त खुराक मिळालेली मेंढी जंत चांगले सोसते. काही मेंढ्या जन्मतःच जंतांना दाद देत नाहीत आणि हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनाच्या दलदलीतल्या गरोळ मेंढीशी दख्खनीचा संकर करून जुळ्यांच्या बरोबरीने हा गुणही तपासला, आणि गरोळ रक्त असलेल्या कोकरांच्या लेंड्यांत अंडी कमी आढळली. स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेच्या संशोधनातून हिमोंकसविरुद्धची लस तयार झाली आणि २०१४ साली ऑस्ट्रेलियात वापरात आली. तिचे डोस हंगामात दर सहा आठवड्यांनी द्यावे लागतात. यातला कोणताही उपाय एकट्याने पुरणारा नाही, पण प्रत्येक उपाय औषधावरचा भार थोडा हलका करतो.

हा धडा मेंढ्यांपुरता राहत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने आपल्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांत जी गोळी दिली जाते ती अल्बेंडाझोलचीच. मुलांच्या पोटातले जंत वेगळे आहेत आणि ती मोहीम गरजेची आहे. पण एकच रेणू मोठ्या लोकसंख्येला वर्षानुवर्षे दिल्यावर काय होऊ शकते, याचा साठ वर्षांचा अनुभव मेंढ्यांच्या जगाने जमा करून ठेवला आहे. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांनी तो वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: पहिला जंतांचा, दुसरा औषधांचा आणि प्रतिकाराचा, तिसरा व्यवस्थापनाचा. मेंढपाळ कुटुंबातल्या शिकत्या मुलामुलींनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. पशुवैद्यक आणि विद्यार्थ्यांनी दुसरा भाग टाळू नये. ज्या वाड्यांवर मला बसायला घोंगडे मिळाले आणि ज्या मेंढक्या बायांनी मेंढी आजारी पडण्याआधीच ती कशी दिसते हे मला शिकवले, त्यांचे ऋण पानोपानी आहे.

शेवटी एक मागणी. गावोगावचा शेतकरी आज माती तपासून खत घालतो. ही सवय लागायला प्रयोगशाळा जवळ यावी लागली. लेंडी तपासून औषध देण्याची सवयही तशीच लागेल. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक, मॅकमास्टर काच आणि ती वापरणारा माणूस हवा. औषधांचे मोफत वाटप करणाऱ्या योजनांनी वाटपाआधी आणि नंतर अंड्यांची मोजणी करणे सक्तीचे करावे. आणि हे होईपर्यंत वाचकाने एवढे करावे: पुढच्या खेपेला बाटली उघडण्याआधी औषधाचा गट कोणता ते वाचावे, कळपातली सर्वांत जड मेंढी तोलून तिच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवावी, पापण्या पाहाव्यात, आणि ज्या मेंढ्यांना औषधाची गरज नाही त्यांना ते देऊ नये. आपल्या हातात आज जी औषधे अजून चालतात ती पुढच्या पिढीच्या मेंढपाळालाही चालावीत, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.